कडूबा नानांची तपासणी

कडूबा नानांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही. पण शेअर बाजारात नवी कंपनी आली की तिची तपासणी जालन्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलीमभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. कंपनीने बाजारात येताना काढलेलं तीन-चारशे पानांचं माहितीपत्रक नाना छापून घेतात, शेजारी मोबाइलवर शेअरची माहिती देणारी वेबसाइट उघडतात आणि ओळीखाली पट्टी धरून एकेक आकडा जुळवतात. जुळला नाही की लाल पेन. लाल पेन झालं की वेबसाइटला पत्र.

"हे बघ," एकदा त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं. "कंपनी बाजारात येऊन सहा दिवस झाले. अन् हे लिहून राह्यले, बावन्न आठवड्यांतली सगळ्यात कमी किंमत! लेकराचं बारसं न्हाई झालं अजून, अन् ह्यांनी वर्षश्राद्ध घातलं."

एका कंपनीच्या मालकाचं वय एका साइटवर अठ्ठेचाळीस होतं आणि दुसरीवर एक्कावन्न. नानांनी दोघींना एकच ओळ पाठवली : 'माणूस एक, आई एक, मग जन्म दोन कसे? खुलासा व्हावा.' आणखी एका कंपनीचं बाजारमूल्य काढताना साइटने नव्याने विकलेले शेअर धरलेच नव्हते, जुन्याच संख्येवर गुणाकार करून टाकला होता. "पोतं मोजलं, अन् वरून ओतलेलं धान्य मोजलंच न्हाई," नाना म्हणाले, आणि त्या दुपारी जेवले नाहीत.

नाना मूळचे टेंभुर्णीचे. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. आठवडी बाजारात शिरले की व्यापारी तराजू पुसायला घ्यायचे. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. ते काडेपेटीतल्या काड्या मोजतात. लग्नाला जाताना पत्रिका खिशात नेतात. एका लग्नात भर मांडवात त्यांनी घड्याळ वर धरलं : "मुहूर्त सहा बत्तीसचा, अक्षता पडल्या सात दहाला. मंग हे लग्न लागलं का न्हाई?" नवरीच्या बापाने हात जोडले तेव्हा गप्प बसले. जेवणाची पंगत मात्र वेळेवर बसली असं आवर्जून सांगून आले.

सलीमभाई त्यांना चिडवतो. "नाना, इतनी मोटी किताब पढके कलेक्टर बनना है क्या?"

"तू पानं बराबर छाप. मागल्या खेपेला दोनशे चौदावं पान दोनदा आल्तं."

हल्ली गल्लीतली पोरंही शेअर घेऊ लागली आहेत. नाना इतकं वाचतात म्हटल्यावर ती विचारणारच. "नाना, कोणता घेऊ?"

"मी मालाचा भाव सांगत न्हाई. मी काटा तपासतो. सरक तिकडं."

गल्ली हसते. मीही हसायचो, रामेश्वरचं कळेपर्यंत.

रामेश्वर हा नानांचा एकुलता एक मुलगा. आई तो शाळेत असतानाच गेली होती. बापलेकच घरात. औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये तो कायम कामगार होता. एका दिवसपाळीत रोलरमधून लाल तापलेली सळई उसळली आणि त्याच्या अंगावर आली. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. नानाही बोलत नाहीत.

त्यानंतर वर्षाच्या आतच ती मिल शेअर बाजारात आली. नानांनी तिचं माहितीपत्रक छापून घेतलं. ते त्यांनी तपासलेलं पहिलं पुस्तक. त्यात लिहिलं होतं : 'आमच्या कारखान्यात एकही प्राणघातक अपघात झालेला नाही.' आणि दुसऱ्या एका पानावर, 'कायम कर्मचारी : १८६.' हा आकडा ज्या तारखेचा होता, त्या दिवशी रामेश्वरला जाऊन दीड महिना झाला होता.

नानांनी रामेश्वरच्या सोबत्यांना विचारून विचारून भट्टीपासून फाटकापर्यंत त्या तारखेला कायम असलेल्या सगळ्यांची नावं लिहून काढली. जिवंत माणसं भरली एकशे पंच्याऐंशी. म्हणजे कंपनीने मेलेला माणूस हजेरीवर ठेवला होता, आणि त्याच हाताने कोणी मेलंच नाही असं लिहिलं होतं. वेबसाइटने दोन्ही गोष्टी जशाच्या तशा उचलल्या होत्या.

नानांना एकच हवं होतं. माझा मुलगा तिथं मेला, हे कुठंतरी छापून यावं.

मी कामगारांसाठी पत्रकं लिहितो. हे ऐकल्यावर माझं डोकं पेटलं. "नाना, उद्याच पत्रक काढतो. कारखान्याच्या फाटकावर वाटतो."

"पत्रकवाले," नाना शांतपणे म्हणाले, "मागल्या पत्रकात तू लिहिलं, अनेक कामगार जखमी. अनेक म्हणजे किती?"

मी आकडा कोणाला विचारलाच नव्हता.

"मंग ते म्हणतील, उगंच ओरडून राह्यलेत. अन् मी एकट्या ह्याच कंपनीच्या मागं लागलो, तर म्हणतील, म्हातारा पोराच्या दुःखानं येडा झाला. म्हणून आधी दुसऱ्यांच्या चुका काढून राह्यलो. शंभर बराबर निघाल्या, तर एकशे एकावी ऐकावी लागंल त्यांना."

त्यांनी खरोखर शंभर गाठल्या का, मी मोजलं नाही. त्यांनी मोजलं असेल. पण साइटवाल्यांची उत्तरं बदलत गेली. आधी यंत्राने पाठवलेली पोच यायची. मग 'आदरणीय महोदय' यायला लागलं, खाली माणसाचं नाव. एक दिवस साइटने त्यांचं दोन ओळींत कौतुकही केलं.

"आता पाठवा, नाना," मी हट्ट धरला. "आता नाही तर कधी?"

सलीमभाईच्या दुकानात बसून आम्ही पत्र लिहिलं. नाना मराठीत सांगत होते, मी इंग्रजी करत होतो. 'आपल्या पानावर कर्मचारी १८६ आहेत. यातला एक मयत आहे. तो कामावर असेल तर मला भेटवावा. नसेल तर अपघात झाला नाही हे वाक्य काढावं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.' सोबत पंचनाम्याची प्रत जोडली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी ते मराठीत वाचून दाखवलं. आपल्या आजवरच्या अचूक दुरुस्त्यांबद्दल आम्ही ऋणी आहोत. अपघाताचं वाक्य हे कंपनीचं स्वतःचं निवेदन असल्याने आम्हाला बदलता येत नाही. कर्मचारी संख्या मात्र आपल्या सूचनेप्रमाणे दुरुस्त केली आहे.

सलीमभाईने पान उघडलं. कर्मचारी : १८५. खाली ते वाक्य, कोणीही न मेल्याचं, जागच्या जागी.

मी उठून उभा राहिलो. "नाना, हा तर पुरावा झाला! एक माणूस कमी आहे हे यांनी कबूल केलं. आता विचारू, तो गेला कुठं?"

नाना माझं ऐकत नव्हते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"रोज सकाळी उठून हे पान बघत होतो मी," ते म्हणाले. "एवढ्या एका जागी रामेश्वर कामावर होता. मीच काढला त्याला."

सलीमभाईने चालू मशीन बंद केलं. "नाना, बैठो. पानी पिओ जरा."

नाना बसले नाहीत. "लिही त्यांना," मला म्हणाले. "आकडा पहिला होता तोच ठेवा म्हणावं. तक्रार करणाऱ्याची मोजणी चुकली."

"नाना, तुमची मोजणी चुकलेली नाही."

"लिही, बाबा."

मी लिहिलं. पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि शेवटी माफी मागतो असंही घालायला सांगितलं.