पुतळा उभाच पाहिजे

आमच्या घाटंजीतल्या सुखदेवरावांनी साहेबांना जन्मभर शिव्या घातल्या. साहेब म्हणजे आमचे जुने आमदार. ते वारले त्या दिवशी सगळा बाजार बंद होता, यांचा पानठेला तेवढा उघडा. पण तहसील कचेरीच्या आवारात साहेबांचा पुतळा बसवायचं ठरलं आणि काही महिन्यांनी प्रत्येक बैठकीत पहिल्या खुर्चीवर हेच दिसू लागले.

समितीत नाव नाही, तरी यायचे, समितीचा चहा प्यायचे आणि एकच पालुपद लावायचे, "पुतळा उभा पाह्यजे. पुरा." ठेल्यावर कुणी खर्रा मागितला, तर आधी पुतळ्याची वर्गणी काढायला लावायचे. मी शाळामास्तर आणि समितीचा सचिव, त्यामुळे रस्त्यात गाठून माझं डोकं खायचे ते वेगळंच. म्हातारपणी माणूस पक्ष बदलतो, असं म्हणून आम्ही हसायचो.

शेवटी परवानगी आली ती अर्धपुतळ्याची. जागा अपुरी, असं कारण होतं. वर्गणीही आटली होती, त्यामुळे आम्हाला बरंच वाटलं. चहा येण्याआधी ठराव मंजूर झाला. सुखदेवराव उठून उभे राहिले. मी वैतागून विचारलं, साहेबांच्या पायांशी तुमचं काय अडलंय?

"डोकं तुमच्या सायबाचं हाय, गुरुजी," ते म्हणाले. "खालचं माह्या विलासचं हाय."

साहेबांचे सगळे फोटो छातीपर्यंतचे. यवतमाळला ऑटो चालवणाऱ्या त्यांच्या मुलाची, विलासची चण साहेबांसारखी, म्हणून मूर्तिकारानं त्यालाच धोतर नेसवून समोर उभं केलं होतं. मातीचा पुतळा तयार झाला आणि पुढं विलास अपघातात गेला. त्याच्या मयतीला आम्ही सगळे होतो. ही गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

ठराव काही बदलला नाही. मी त्यांना मूर्तिकाराच्या शेडमध्ये घेऊन गेलो. साच्यासाठी वरचा भाग कापून नेला होता. कमरेखालचा विलास ओल्या गोणपाटाखाली उभा होता. सुखदेवराव खाली बसले आणि त्या पायांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

"पाणी मारत जा भाऊ," ते मूर्तिकाराला म्हणाले. "माती तडकून जाईन. मले रोज येनं होत नाई."

मूर्तिकारानं मान डोलावली. ती माती दुसऱ्या एका पुढाऱ्याच्या पुतळ्याला लागणार आहे, हे त्यानं मला बाहेर आल्यावर हळूच सांगितलं.