उजव्या बाजूची लाथ

"हा रिमोट खराब आहे," उस्ताद म्हणाला.

"मग माझा घ्या." बायकोनं आपला कंट्रोलर त्याला दिला, त्याचा घेतला आणि मांडीवरचं मटारचं ताट न सांडता नवऱ्याच्या पहिलवानाला पुन्हा आडवा केला.

कॉलेजात असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाऊन खेळायचा तो मारामारीचा जुना गेम आता घरच्या टीव्हीवर खेळता येतो हे कळताच उस्ताद कन्सोल घेऊन आला होता. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, पण 'उस्ताद' हे नाव त्याला गाड्यांमुळे पडलं नव्हतं. पार्लरमधल्या मशीनवर त्याला कधी कुणी हरवलं नव्हतं, म्हणून पडलं होतं. ही कथा त्यानं नातेवाइकांना, गाडी शिकायला येणाऱ्यांना, इतकंच काय, सासऱ्यांनाही ऐकवली होती. आता बायकोपाठोपाठ मुलीनंही त्याला धुतला.

"बाबा, तुम्ही नक्की जिंकायचात ना?"

"अगं, ही घरची आवृत्ती. हिच्यात काही दम नाही. खऱ्या मशीनवर दाखवतो तुला!"

एवढं बोलून गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण गप्प बसेल तो उस्ताद कसला! त्यानं पार्लरवाले काका शोधून काढले. मशीन त्यांच्या गोदामात, डोक्यावर रंगाचे डबे घेऊन उभं होतं. ते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या टपावर बांधून आणलं. दारातून आत जाईना, म्हणून दार काढलं. खोलीत मावेना, म्हणून सोफा गॅलरीत गेला.

"हे कपाट किती दिवस राहणार आहे इथे?" बायकोनं विचारलं.

"कपाट काय म्हणतेस? मशीन आहे ते!"

आपल्या जुन्या डाव्या बाजूला उभं राहून त्यानं मुलीला असं लोळवलं, की आनंदाच्या भरात लगेच पडेलला फोन लावला. "रविवारी ये. पार्लरच्या सगळ्या गँगला बोलावतोय."

पडेल हा त्याचा जिवलग मित्र. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. पार्लरमध्ये रोज उस्तादबरोबर जायचा, उजव्या बाजूला उभा राहायचा आणि हरायचा. तेव्हा पडलेलं नाव आता त्याची बायकोसुद्धा घेते. त्याच्या दुकानाचे मालक थकले होते आणि दुकान तूच सांभाळ म्हणून मागे लागले होते. उस्तादनंही त्याच्यापुढे डोकं फोडून घेतलं होतं. पडेलचं उत्तर ठरलेलं. "मला कुठे जमणार रे? आपण पडेल माणूस." मालकांना सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

शनिवारी बायकोला खेळायची हुक्की आली. गॅसवरचं दूध डावीकडून दिसतं म्हणून ती डावीकडे उभी राहिली आणि उस्ताद उजवीकडे गेला. ठोसे बसत होते, पण लाथ काही लागेना. त्यानं बटण अंगठ्यानं दाबलं, मग मुठीनं.

"जोरात दाबा ना," बायको म्हणाली.

उस्तादला एकदम आठवलं. "माझी लाथ बसतच नाही रे," असं पडेल रोज कुरकुरायचा आणि डाव्या बाजूनं त्याला बदडता बदडता उस्ताद हेच म्हणायचा. "जोरात दाब. तुला वेळच साधत नाही!"

त्यानं बोलावलेल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं मशीनची मागची फळी उघडली. "ही वायर सुटलीय. आजची नाही, गंज बघा केवढा चढलाय."

त्यानं वायर जोडून दिली. उस्ताद गॅलरीतल्या सोफ्यावर जाऊन बसला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. आपल्या उस्तादीखाली एक तुटकी वायर होती आणि तिच्यापायी एका भल्या माणसानं स्वतःला आयुष्यभर बिनकामाचं समजावं? ठरलं. उद्या सगळ्यांसमोर पडेल लाथ मारेल, जिंकेल आणि सोमवारी मालकांना हो म्हणेल.

रविवारी गँग जमली. "आज तू डावीकडे," उस्ताद म्हणाला.

"छे, आपली जागा हीच." पडेल उजवीकडे उभा राहिला आणि ठोसेच मारत सुटला.

"अरे, लाथ मार!"

"ते आपल्याला जमत नाही, माहितीये ना तुला."

उस्ताद स्वतःचा पहिलवान नुसता उभा ठेवून मार खात होता. पडेल जिंकतच आला होता. पण शेवटी त्याचा पहिलवान पुढे झेपावला, तेव्हा उस्तादची बोटं जुन्या सवयीनं आपसूक चालली. डाव संपला. पडेलचा पहिलवान जमिनीवर आणि सगळी गँग एका सुरात, "पडेल!"

"थांबा!" उस्ताद ओरडला. "हे लाथेचं बटण तेव्हा बंद होतं! म्हणून हरायचा तो!"

गँगमधल्या एकानं पुढे होऊन बटण दाबलं. पहिलवानानं झकास लाथ मारली.

"काल दुरुस्त करून घेतलंय मी!"

"हो का? नेमकं कालच!"

"अहो, खरंच सांगतात ते," बायको म्हणाली. "काल लागत नव्हती लाथ."

"बघा, वहिनीसुद्धा सामील!" सगळे पोट धरून हसले. एकानं उस्तादच्या पाठीवर थाप मारली. "मोठं मन आहे बाबा तुझं! जिंकून वर मित्राची लाज राखतोस!"

उस्तादनं टीव्ही दुरुस्तीवाल्याला फोन लावला, पण रविवार असल्यामुळे त्यानं उचलला नाही.

सगळे गेल्यावर पडेल दार नसलेल्या दारात बूट घालत बसला.

"ऐक माझं," उस्ताद काकुळतीला आला. "मुलीची शपथ घेऊन सांगतो."

"शपथ कशाला घेतोस खोट्यासाठी?" पडेलनं त्याचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. "उद्या मालकांना नाही म्हणून सांगतो. हसू करून घेण्यापेक्षा ते बरं. पण तू माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोललास, वहिनींनाही पढवून ठेवलंस. एवढं कोण करतं रे?"

तो जिना उतरून गेला. उस्ताद आत आला आणि मशीनच्या उजव्या बाजूला उभा राहिला. त्यानं लाथेच्या बटणावर नुसतं बोट ठेवलं. जोर लावावाच लागला नाही. समोर कुणी नव्हतं, तरी पहिलवानानं लाथ मारली.