तळाची ओंजळ

डोमाजी बावनकर कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याला विचारतात, "जेवली का, बाई?" पाण्याचा पंप असो, शिलाई मशीन असो वा माझी स्कूटर असो, त्यांच्या लेखी ती बाईच असते, आणि तिला उत्तरासाठी पुरेसा अवधी दिला जातो. मी पस्तीस वर्षे बालाघाट जिल्ह्यातील शाळांत विज्ञान शिकवले. यंत्राला भूक लागत नाही, हे मी त्यांना एकदा सप्रमाण समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या स्कूटरची टाकी उघडून दाखवली. ती कोरडी होती.

"मास्साब, तुमी हिले उपाशी ठेवून वरून किका मारून राह्यले," ते म्हणाले. "कोण सहन करीन?"

उकव्याच्या मँगनीज खाणीत त्यांनी तीस वर्षे पंप आणि कंप्रेसर सांभाळले. निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आले, ते स्वतःची परिभाषा घेऊनच. त्यांच्यासमोर 'मशीन बंद पडली' असे म्हणण्याची सोय नाही. "बंद दुकान होते. मशीन थांबते. थांबलेली चालू होते," अशी ते तत्काळ दुरुस्ती करतात, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई चालवलेला मी ती मुकाट्याने मान्य करतो. त्यांच्या तपासणीचा क्रमही ठरलेला आहे: पयले पोट, मंग श्वास, मंग डोस्कं. म्हणजे आधी इंधन, नंतर हवा, शेवटी वीज. क्रमाविषयी इतका आदर असलेला विद्यार्थी मला वर्गात क्वचितच लाभला.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी मिनीबस विकत आणली. आतील बाके काढून तिथे पलंग बसवला, कपाट केले, हात धुण्याचे भांडे लावले, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या कप्प्यात एक लहान डिझेल जनरेटर ठेवला. त्याचा धूर थेट छपरावर सोडणारी नळीही जोडली. गल्लीने तिला 'घरगाडी' असे नाव दिले. येणारा-जाणारा विचारी, "काका, कहाँ का टूर है? कश्मीर?"

"किरनापूर," डोमाजी सांगत.

यावर गल्ली हसत असे, कारण किरनापूर बसने तासाभराचे अंतर. मला मात्र कारण ठाऊक होते. डोमाजींच्या पत्नी शेवंतावहिनी यांची फुफ्फुसे अधू आहेत. हवेतून प्राणवायू गाळून देणारे एक यंत्र खोलीत अखंड चालू असते आणि त्याची नळी वहिनींच्या नाकात असते. त्यांचे माहेर किरनापूरच्या पुढे एका खेड्यात आहे. तिथे वीज येते त्याहून अधिक वेळा जाते, आणि वाटेत तर ती नसतेच. त्यामुळे वहिनी तीन वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या.

गेल्या फेब्रुवारीत तिथे वहिनींच्या भाच्याच्या मुलीचे बारसे ठरले. भाच्याला बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, म्हणून तो मान बाळाच्या बापाच्या आत्येकडे, म्हणजे वहिनींकडे आला. दुपारी बाराला पाळणा होता. मलाही आग्रहाचे बोलावणे होते. सकाळी आठ वाजता वहिनी हिरवी साडी नेसून ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बाळंतविडा, आणि खिडकीतून बाहेर काढलेली नळी नाकात.

डोमाजींनी जनरेटरची विचारपूस केली. टाकीत काठी बुडवून पाहिली. चार बोटे ओली आली.

"पोटात हाय," त्यांनी जाहीर केले आणि बटण दाबले. जनरेटर घरघरत फिरला, पण पेटला नाही.

पोटाचा प्रश्न निकालात निघाल्यामुळे आम्ही श्वासाकडे वळलो. हवेची जाळी स्वच्छ केली. डिझेलचे फिल्टर नवे घातले. मग एक नट ढिला करून, हाताने पंप मारत नळीतील हवा बाहेर काढू लागलो. नियम असा, की आधी फेस येतो आणि फेस संपला की शुद्ध डिझेल येते. येथे फेस संपेना.

"कुठून तरी हवा खाऊन राह्यली सटवी," डोमाजी म्हणाले. त्यांनी बाहेरची नळी बदलली, पट्ट्या आवळल्या. फेस तसाच. मग डोस्कं तपासायचे म्हणून बॅटरीची टोके घासली, त्याचा उपयोग होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असताना. साडेनऊ वाजले. डोमाजींचे बोलणे थांबले. यंत्राशीसुद्धा ते बोलेनासे झाले, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"गाडीचे इंजिन चालू होते का?" मी विचारले.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झाले.

"टाकी एकच आहे," मी म्हणालो. "एकाच ताटावर दोघे बसले आहेत. एक जेवतो, दुसरी उपाशी राहते. यावरून काय सिद्ध होते?" फळा जवळ नव्हता, एवढीच उणीव होती.

"अवो," ओट्यावरून वहिनींचा आवाज आला. दर दोन-चार शब्दांनंतर त्यांना थांबावे लागते. "ते नळी... तुमीच त आखूड कापलती."

"कोणती नळी वं?"

"टाकीतली. जनरेटरची. मी म्हणलं नोतं का... तांदळाच्या डब्याचा तळ... मी कधी उपसत नाई. तुमी म्हणले... बराबर हाय, तसंच करतो."

आमच्याकडच्या घरांतून तांदळाचा डबा पुरता रिकामा करत नाहीत. शेवटची ओंजळ तळाशी राहू देतात आणि तिच्यावरच नवे तांदूळ ओततात. डोमाजींनी टाकीला तोच नियम लावला होता. इंजिनाची नळी तळापर्यंत पोहोचत होती, जनरेटरची तळापासून पाव टाकी वरच थांबत होती. डिझेल तिच्या टोकाखाली उतरले की जनरेटर निव्वळ हवा ओढणार.

डोमाजींनी टाकीत बुडवलेली काठी पुन्हा उचलून तिच्यावरची चार बोटे मोजली. "तीस वर्षं लोकाइच्या मशिनीचं पोट पाह्यलं, आन आपल्याच मशिनीचा घास इसरलो!"

"मशीनले रोज इचारते... जेवली का म्हणून," वहिनी मला म्हणाल्या. "मले चाळीस वर्षांत... एक डाव नाई इचारलं, मास्साब. इचारलं असतं त... आठ वाजताच सांगतलं असतं."

पेट्रोल पंपावर जाऊन टाकी भरून यायला वीस मिनिटे लागली. पुन्हा नट ढिला केला. फेस आला, कमी झाला, संपला. तिसऱ्या प्रयत्नाला जनरेटर खोकला आणि धडधडू लागला. छपरावर काळ्या धुराचा लोट उठला. मी इतका मोकळा श्वास घेतला, की त्यातील पुष्कळसा धूर माझ्याच छातीत गेला.

वहिनींना पलंगावर बसवले. त्यांचे यंत्र जनरेटरवर जोडले. हात पुसत असलेल्या डोमाजींना मी विचारले, "पण एवढी पाव टाकी राखायची कशासाठी?"

"हे जनरेटर सगळं पिऊन टाकीन त इंजिनाले काय उरन?" ते चिंधीकडे पाहत म्हणाले. "तिकडं हिचा श्वास अडला, त दवाखान्यात आणाले गाडी त चालली पायजे ना."

सव्वादहाला आम्ही निघालो. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो होतो. गाव मागे पडल्यावर मी रेडिओकडे हात नेला. त्यांनी तो अलगद बाजूला केला.

"राहू द्या. मांगचं ऐकू येत नाई मंग."

"जनरेटर तर चांगला गर्जतो आहे," मी म्हणालो.

"जनरेटर नाई, मास्साब. त्याच्या आत तिची हवेची मशीन हाय, फुस्स फुस्स करते. आन तिच्या आत..." त्यांनी गिअर बदलला आणि वाक्य तसेच सोडून दिले.

त्यांनी पुढचा खड्डा हळूच ओलांडला. मग मान किंचित मागे वळवून, अनोळखी शब्द उच्चारावेत तसे म्हणाले, "जेवली का वं?"

मागून लगेच उत्तर आले नाही. डोमाजींनी गाडीचा वेग कमी केला आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी दिला.

"नाई," वहिनी म्हणाल्या. "आता... बारशाच्या घुगऱ्याच खाईन."