चादरीखालचं यंत्र

वसंता अंगावर चादर ओढून ओट्यावर बसला, की कुरुंद्यातली माणसं त्याच्याशी जपून बोलत. कारण त्या वेळी तो वसंता नसे. तो कॉम्प्युटर असे.

हसू नका, आधी ऐकून घ्या. वसंता माझा शाळासोबती, हैदराबादेत एका सरकारी कचेरीत नोकरीला. उपग्रह आभाळातून जमिनीची चित्रं काढतो. कुठल्या जागेची, कुठल्या तारखांची, किती ढग आड आलेली चित्रं जमा आहेत, हे शोधून सांगणारा एक प्रोग्राम त्या कचेरीतल्या कॉम्प्युटरात होता. तो लिहिला दुसऱ्यांनी. तो वापरायचा कसा, याची माहितीपुस्तिका लिहिणं एवढंच वसंताचं काम.

"एवढंच?" मी एकदा विचारलं.

"पंगतीत वाढणारे ढीग असतात," तो म्हणाला. "कुठं बसायचं ते सांगणारा एकच. तो नसला की सगळे उभेच!"

त्याच्या आईला, धुरपतामायला, हे पटत नसे. "फोटू काढत न्हाई, फोटू देत न्हाई. फोटू हाय का न्हाई, तेबी यंत्रच सांगतंय. मंग माझं लेकरू तिथं करून काय राहिलं?"

त्या वर्षी ऐन हळदीच्या हंगामात वसंता गावी आला, तो पुस्तिकेचा गठ्ठा घेऊनच. साहेबांनी ती परत केली होती. वाचून कोणाला काही कळत नाही, म्हणे. रजा संपेपर्यंत नीट केली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. वसंताचा हिशेब सरळ होता. कुरुंद्यात जे कळेल ते जगात कुठेही कळेल. मग तो ओट्यावर सूचना मराठीत वाचून दाखवी, चादर ओढी आणि गप्प बसे. प्रश्न बरोबर विचारला तरच यंत्र बोले.

पहिला बळी ज्ञानोबा न्हावी.

"माझ्या वावराचा फोटू हाय का?"

चादर गप्प.

"वसंता, ऐकून राहिला का?"

चादर गप्प.

"जागा सांगा," मी हळूच म्हणालो.

"ह्येला माझं वावर म्हाईत न्हाई व्हय? त्याच बांधावरची बोरं चोरून मोठा झाला ह्यो!" पण चादर ढिम्म. शेवटी ज्ञानोबांनी हात टेकले. "बरं बाबा. जागा कुरुंदा. तारीख पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. ढग असू दे थोडेबहुत."

"नाही," चादर म्हणाली.

"एवढं वदवून घेतलंस अन् न्हाई म्हणतूस? काहून तकलीफ दिली मंग?" ज्ञानोबा धोपटी उचलून निघाले.

चादर उडाली. वसंता आनंदानं नाचायचाच बाकी होता. "इथंच चुकतंय! ‘नाही’ ऐकलं की माणूस उठून जातो. पुढं काय करायचं ते त्याला सांगायला पाहिजे." त्यानं तिथल्या तिथे पुस्तिकेत वाक्य घातलं: चित्र नाही, तारखा वाढवून पुन्हा विचारा.

त्या वाक्यावर तो इतका खूश झाला, की हॉटेलात भजी संपली तरी तोच मालकाच्या वतीनं गिऱ्हाइकांना सांगू लागला, "तारखा वाढवून पुन्हा विचारा!"

फक्त एक प्रश्न तो टाळी. धुरपतामाय रोज सकाळी चहाचा कप पुढे करून विचारी, "आता परत कवा येशील?" दोन-दोन वर्षं त्याचं येणं होत नसे. अशा वेळी त्याला नेमका पुस्तिकेत एखादा दोष सापडे. हैदराबादच्या खोलीत त्याच्याशी कोण बोलतं, हे मी कधी विचारलं नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी पुस्तिका एकदा अखेरची तपासायची होती. पण अख्खं गाव हळद शिजवायला वावरात. ओट्यावर आम्ही दोघं, आणि अंगणात हळद पसरणारी धुरपतामाय. तिनं पिवळे हात पदराला पुसले आणि समोर येऊन बसली.

"घे ती चादर."

त्यानं ती अंगावर ओढली.

"जागा, कुरुंदा," ती म्हणाली. "तारीख, येत्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. ढग कितीबी असू द्या." मग चादरीकडे बघत, "माझा वसंता हाय का?"

कुठे अडखळली नाही, काही विसरली नाही. पुस्तिका पास झाली होती. पण यंत्राला पुढच्या तारखांचं काही कळत नसतं, हे तिला कोण सांगणार?

चादर हलली नाही.

तिनं वाट पाहिली. मग अगदी हळू विचारलं, "तारखा वाढवू का?"

"नगं, माय." आवाज यंत्राचा नव्हता. "दसऱ्याला येतो."

"व्हय," म्हणून ती उठली आणि पुन्हा हळदीकडे गेली. मी गठ्ठ्याला दोरी बांधली. चादर मात्र बराच वेळ कोणी काढली नाही.