हेझलचं सुनीत आणि वॉल्टरची कबुतरं

बायकोच्या, हेझलच्या, अंत्यविधीला सिरिल वेळेच्या आधी पोचला आणि तिथंच सगळं बिघडलं.

शवपेटीच्या मागच्या काळ्या गाडीत बसायला त्याचं मन धजेना. "तुम्ही या मागून, मी बसनं जातो," असं लेकीला, जनीनला, सांगून तो एकटाच दहनगृहावर आला. हातात एक कागद होता. त्यावर त्यानं हेझलचं लाडकं सुनीत घरच्या जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलं होतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणा कवीनं आपल्या प्रेयसीवर लिहिलेल्या चौदा ओळी. हेझल त्या भांडी घासताना म्हणायची आणि सिरिल शेजारी उभा राहून भांडी पुसायचा. जन्मभर नळ दुरुस्त केलेल्या माणसाला त्यात गोडी कुठून वाटणार? "ऐकतोयस का?" असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, "नळ गळतोय."

शेवटच्या आजारात ती म्हणाली होती, "माझ्या निरोपाला तूच वाच. निदान तेव्हा तरी ऐकशील." त्यानं शब्द दिला होता. तिच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

दहनगृहात दोन दालनं होती. दाराशी काळ्या कोटातला माणूस उभा होता. रडवेल्या माणसाला नावगाव विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं न विचारता जवळचं दार हलकेच उघडलं. आत कोण आहे हे विचारणं सिरिललाही बरं दिसेना. तो जाऊन रांगेच्या मधोमध बसला. दोन्ही बाजूंना माणसं भरली. मग शवपेटी आली. तिच्यावर फुलांचं भलंमोठं कबुतर केलेलं होतं.

हेझलला कबुतरं डोळ्यांसमोर नको असत.

"गेला बिचारा वॉल्टर," शेजारी बसलेला डग नावाचा जाडजूड माणूस कुजबुजला. "तुम्हीही आमच्यासारखी कबुतरं पाळता?"

"नाही... म्हणजे... थोडी."

उठून जायचं तर दुःखात असलेली सगळी रांग उठवावी लागणार होती. ते सिरिलच्या हातून होणं शक्यच नव्हतं. हेझलची वेळ यांच्यानंतरची. गप्प बसू, सगळ्यांबरोबर बाहेर पडू, असं त्यानं ठरवलं.

पण विधी चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "वॉल्टरबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचेत?" कुणी उठेना. बाईंची नजर सिरिलच्या कागदावर गेली. "या ना. तुम्ही तर तयारीनं आलात!"

"नाही हो, मी आपला..."

"लाजू नका," म्हणत डगनं पाय आवरून वाट करून दिली. पुढे जायला.

सिरिलनं वाचलं. त्यात ओठ होते, गाल होते, सोनेरी केस होते. मागच्या फोटोतला वॉल्टर साफ टकला होता. पण हसलं कुणी नाही. केसांच्या ओळीला त्याची बायको ग्लेनिस हुंदका देऊन म्हणाली, "होते हो, होते! लग्नात होते!"

वाचून झाल्यावर ती पुढे आली, सिरिलच्या हातातला कागद घेतला आणि शवपेटीवर ठेवला. "हे त्याच्याबरोबर जाऊ दे." पडदा सरकला आणि पेटी आत गेली. सिरिलला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "धन्यवाद."

बाहेर जनीन त्याला शोधत होती. "बाबा! कुठं होतात? आई आलीये!"

"मी वॉल्टरकडे होतो."

"कोण वॉल्टर?"

"चांगला माणूस होता. केस होते त्याला."

"आणि कविता?"

"त्याच्याबरोबर गेली."

जनीननं कपाळाला हात लावला आणि मोबाइल काढला. "पहिली ओळ सांगा, शोधते."

सिरिलला आत्ता वाचलेलं काही आठवेना. "प्रेमाबद्दल आहे."

"सगळ्याच प्रेमाबद्दल असतात, बाबा!"

ग्लेनिसनं हे ऐकलं. "तुमचीही बायको? आजच? आणि तरी आमच्या वॉल्टरसाठी आलात?" ती वळून गरजली, "चला रे सगळे! हे आपल्याकडे आले, आपण यांच्याकडे जायचं."

"आणि घरी मांडलेली सँडविचेस?" डगनं विचारलं.

"सँडविचेस काही उडून जात नाहीत. ती कबुतरं नव्हेत!"

हेझलची माणसं थोडी. कबुतरवाल्यांनी दालन भरून गेलं. सिरिल रिकाम्या हातांनी उभा राहिला. समोर पेटी, साधी, पिवळ्या फुलांची.

"हेझलनं मला सांगितलं होतं..." एवढंच बोलून तो थांबला. जनीन मान खाली घालून बसली.

तेवढ्यात मागून डगच्या घोगऱ्या आवाजात सुनीताची पहिली ओळ आली. डग स्वतःच दचकला. "शाळेत पाठ करून घेतली होती," तो म्हणाला. "छडी मारून. मघाशी ऐकली आणि वर आली."

दुसरी ओळ ग्लेनिसनं म्हटली. तिसरीला सगळी मागची रांग होती. शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात, अडखळत, ती म्हातारी माणसं पुढे पुढे जात राहिली आणि बाराव्या ओळीला एकदम थांबली.

"शेवटच्या दोन नाही येत," डग ओशाळून म्हणाला. "तिथंच मार खायचो."

मग सिरिलनं शेवटच्या दोन ओळी म्हटल्या. आठवाव्या लागल्या नाहीत. एकही शब्द चुकला नाही.

ओळी संपल्या आणि त्याचा उजवा हात आपोआप पुढे झाला, बोटं पसरून. कुणाला काही कळेना. जनीनला कळलं. ती त्याच स्वयंपाकघरात वाढली होती. त्या दोन ओळी झाल्या की आई शेवटची बशी धुऊन बाबांच्या हातात द्यायची.

ती उठून गेली आणि तिनं तो हात धरला.

"बाबा, डोळे पुसा."

"काही नाही गं," सिरिल म्हणाला. "नळ गळतोय."