रेघेने गड उतरविल्याची हकीकत

श्री. ज्याने आपला दात मोडोन लेखणी केली त्या गजवदनास दंडवत, आणि जी बोलविते व लिहविते त्या शारदेस दंडवत. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, हेमंत ऋतूत एका राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसो नये, गोष्ट ऐकावी.

त्या राज्याचे धनी हैबतराव महाराज, मोठे प्रतापी. शत्रूशी रणात गाठ पडली आणि उजव्या मनगटावर वार बसोन बोटे निकामी जाहली, आणि मग तह ठरला की डोंगरावरील गड शत्रूस द्यावा व आतील माणसांनी शस्त्रांसह, मानाने उतरावे. गडावर महाराजांच्या वडील भगिनी आक्कासाहेब होत्या, ज्यांनी आईमागे महाराजांस वाढविले, आणि किल्लेदार रुद्राजी होता, आणि बायकापोरांसुद्धा सारी शिबंदी होती, आणि दाणा शिमग्यापावेतो पुरेल इतकाच. महाराजांनी पायथ्याशी डेरा दिला व उतरा म्हणोन निरोप पाठविला. परंतु त्या गडाची चाल निराळी. पूर्वी एका बहुरूप्याने राजाचे सोंग घेऊन दरवाजा उघडविला होता, तेव्हापासून शिरस्ता असा, की मुद्रा चोरीस जाते, तोंडाचे सोंग होते, सबब राजाच्या हातची रेघ पाहोनच दार उघडावे. मोडी लिहिणार आधी कागदभर आडवी रेघ ओढितो आणि मग अक्षरे तिला टांगितो, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा महाराजांनी डाव्या हाताने रेघ ओढली, खाली ‘गड सोडोन सुखरूप यावे’ इतुकेच लिहिले, आणि कागद टोपलीत घालोन दोराने वर चढविला. रुद्राजीने तटावरून साद घातली, “हा हात माझ्या धन्याचा न्हवं! कागदावर कोंबडी नाचलीया!” आणि दार बंदच राहिले.

मग महाराज संतापले आणि म्हणाले, “अक्षरावर मोहीम काढू!” आणि जोशांनी मुहूर्त दिला, आणि दौतीची पूजा जाहली, आणि चौघडा वाजला, आणि महाराज सूर्योदयापासून दिवेलागणीपावेतो रेघा ओढीत बसले, आणि कारभारी बल्लाळपंत प्रत्येक रेघेस “वाहवा” म्हणत होते, जी वाकडी तीसही वाहवाच. दुसरे दिवशी हात सुजोन भोपळा जाहला, बोरू धरवेना, आणि कित्येक दिवस कागदास कोणी शिवले नाही. असे दोनदा जाहले. गडावरील चुलींचा धूर मात्र दिवसेंदिवस पातळ होत चालला, तो पाहोन महाराजांच्या डोळ्यांस पाणी आले.

तेव्हा चिटणिसांच्या कन्या भिवराबाई, ज्यांचे अक्षर मोत्यासारखे, त्यांस बोलाविणे गेले. त्यांनी डेऱ्यातील कागदांचा ढीग पाहिला आणि हात जोडोन बोलल्या, “महाराजांनी रागे भरू नये. देवाला रोज दोन फुलं वाहतात. वर्षाची फुलं एके दिवशी ओतून पुढं देव कोंडून ठेवला, तर ती पूजा होते का? स्नान झालं की रेघ, आणि रेघ झाली की न्याहारी. एकच कागद, पण चुकायचा नाही. आणि जशी येईल तशी वर पाठवायची.”

“वाकडी पाठवू? लोक हसतील,” महाराज म्हणाले.

“हसू द्यावं. उपाशी माणसं आहेत, तेवढंच हसतील.”

मग तैसेच चालले. चौघडा नाही, मुहूर्त नाही. ओल्या केसांनी महाराज बैठक घालीत, बोरू डाव्या हाती धरीत, श्वास आवरीत, आणि एक रेघ ओढीत, आणि टोपली वर जाई. काय सांगावे! ज्या महाराजांनी तोफा ओढविल्या ते एका रेघेपुढे रोज नमत असत, हे पाहोन आम्हां लेखकांच्या अंगावर काटा येई. गडावर प्रथम हसले खरे. मग हसणे सरले आणि पुसणे सुरू जाहले, “आज रेघ कुठवर आली?” आणि पोरे-बाळे टोपली वर येण्याच्या वेळी तटाशी जमू लागली, आणि रेघेतला झोक कमी जाहला तर पोटात अन्न पडल्यागत एकमेकांकडे पाहात. रुद्राजी मात्र एकही कागद टाकीना.

शिमगा जवळ आला, दाणा सरला, आणि अशात महाराजांस ज्वर भरला व शुद्ध राहिली नाही. बल्लाळपंतांनी विचार केला की हीच संधी, आणि कसबी कारकुनाकडोन सुतासारखी रेघ ओढविली व वर धाडिली. रुद्राजीने कागद पाहिला मात्र, दोर कापोन टोपली खाली टाकिली आणि गरजला, “काल रांगणारं पोर आज घोड्यावर बसलं व्हय? दगा हाय!” आणि तटावर तोफा भरल्या. पहाटे महाराजांस शुद्ध आली, हकीकत कळली, तेव्हा बल्लाळपंतांकडे पाहिलेही नाही. “पाणी आणा,” म्हणाले. वैद्य नको म्हणत असता अंग पुसविले, भिवराबाईंनी कागद धरला, आणि महाराजांनी रेघ ओढली. ती ऐसी थरथरली की मागील कोणत्याही रेघेहून वाईट. भिवराबाईंनी ती भाल्याच्या टोकास बांधोन तटाकडे उंच धरविली.

रुद्राजीने दोर सोडोन कागद वर घेतला आणि सदरेवर साऱ्या दिवसांचे कागद ओळीने मांडिले, आणि शेवटी हा ठेविला. आक्कासाहेबांनी वाकोन पाहिले आणि एकदम म्हणाल्या, “अरे, ह्याला ताप आलाय.” रुद्राजीने तो कागद मस्तकी लाविला. म्हणाला, “आक्कासाहेब, ह्यो हात माझ्या डोळ्यांदेखत जन्मला, वाढला. जुना म्या वळखत हुतो, पर ह्यो तर म्या पाळलाय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?” आणि स्वहस्ते अडसर काढिला.

गड रिकामा जाहला, एक माणूस दगावले नाही. आक्कासाहेब डेऱ्यात आल्या, भावाच्या कपाळी हात ठेविला, आणि पदरातून सारे कागद काढोन उशाशी ठेविले. दोघेही रडली. दुसरे दिवशी कोणाचे काही अडले नव्हते, परंतु महाराजांनी अंग पुसोन घेतले आणि न्याहारीचे ताट बाजूस सारोन बोरू मागितला.

येणेप्रमाणे गड तोफेने न पडता रेघेने उतरला. सरळ रेघ कारकुनाची होती, तिने दार मिटले, आणि वाकडी रोजची होती, तिने उघडले. पाहिले ते लिहिले, येथे लेखणी पुसोन ठेविली.