अक्कांच्या बादलीचे हक्क

चाकाचा शोध कोणी लावला हे कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच ते अजून फिरतं आहे. शोध लावणाऱ्याच्या नातवंडांनी वेळीच एक समिती नेमली असती, तर आज आपण सगळे पायी हिंडलो असतो आणि प्रकृतीनं ठणठणीत असतो. अशी ऐतिहासिक चूक पुन्हा होऊ नये म्हणून सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळानं 'ऐतिहासिक शोध व बौद्धिक संपदा संरक्षण समिती' स्थापन केली. समिती हा मंडळाच्या कार्याचा कळस आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. (त्याआधीचं कार्य म्हणजे गणपती आणि कोजागिरीचं दूध.)

समितीची गरज गणपतीच्या जेवणात पटली. अध्यक्ष सूर्यकांत मूळचे पुण्याचे. बेंगळूरमध्ये इतकी वर्षं राहून त्यांनी कन्नडमधले दोन शब्द आत्मसात केले आहेत : 'स्वल्प' म्हणजे थोडं, आणि 'गोत्तिल्ला' म्हणजे ठाऊक नाही. अध्यक्षपदाला एवढे पुरतात. त्यांनी वाटी उंचावून जाहीर केलं की सांबार मुळात आपलं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पळवलं गेलं. वाढायला आलेले उडुपीचे अण्णा शांतपणे ऐकत उभे होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सूर्यकांतांच्या भातावर आणखी एक डाव सांबार घातलं. सांबार परत मिळवण्याच्या कामी आजवर आलेलं यश ते एवढंच.

समितीचा नियम सोपा होता. आपला शोध नोंदवायचा असेल तर तो पूर्वी कोणी लावलेला नाही हे सिद्ध करायचं. अडचण अशी की सोसायटीत 'पूर्वी' ठाऊक असलेलं कोणी नव्हतं. सगळे पुण्यामुंबईहून, नागपूरहून विमानानं आलेले. अपवाद मी. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांमागे घोड्यांवरून इथे आले. (घोड्यांना तेव्हा पार्किंग मिळालं.) मी जन्मभर इथल्याच बनशंकरीत राहिले आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर मुलाकडे, त्रिविक्रमकडे, लिफ्टच्या आशेनं आले. मंडळात मला नेहमी विचारतात, "आजी, तुमचं मराठी किती वेगळं! कुठल्या गावचं?" मी म्हणते, "याच." मग ते हसतात. तर अशा रीतीनं मला समितीची मानद स्मृती-सल्लागार नेमण्यात आलं. मानधन नाही, चहा आहे, तोही बिनसाखरेचा.

पहिल्याच बैठकीत विराजनं रिकाम्या पार्किंगमध्ये हेल्मेट ठेवून जागा धरण्याची पद्धत मांडली. मी म्हटलं, आम्ही बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकत होतो. आश्लेषानं दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर लाकडी कालथा आडवा ठेवण्याचं तंत्र स्लाइडवर दाखवलं. मी म्हटलं, माझ्या आजेसासूबाई ठेवत, आणि स्लाइडपेक्षा सरळ ठेवत. त्या तिमाहीत आलेल्या अर्जांपैकी शंभर टक्के अर्ज माझ्या आठवणीनं फेटाळले गेले. एखाद्या सरकारी कार्यालयालाही जमू नये अशी ही कामगिरी, पण समितीचा चेहरा उतरत गेला.

तेव्हा नियमात दुरुस्ती झाली. स्मृतीमुळे संशोधनाला खीळ बसत असल्यानं, सोसायटीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्याच आठवणी ग्राह्य धराव्यात असं ठरलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. भोगवटा प्रमाणपत्र अजून मिळालेलंच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आमच्याकडे इतिहास सुरूच व्हायचा आहे. माझं पद मात्र कायम राहिलं, आणि चहाही.

मग उन्हाळा आला. बोअर आटल्या, टँकरवाले लग्नातल्या व्याह्यांसारखे वागू लागले, आणि सचिव शुभंकरनं 'जलसोपान' हा शोध मांडला. तीन बादल्या. पहिलीत तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी, ते झाडांना. दुसरीत कपड्यांचं शेवटचं पाणी, त्यानं फरशी पुसायची. तिसरीत फरशी पुसलेलं, ते संडासात. "आणि तिसऱ्या बादलीला मुद्दाम कडी ठेवलेली नाही," शुभंकर म्हणाला. "म्हणजे ती चुकून किचनमध्ये जात नाही. सेफ्टी बाय डिझाइन."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण त्या बादलीला मी ओळखत होते.

कमलाअक्का माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या अजून बनशंकरीच्या घरात असतात. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं त्या काळात त्यांनी मोरीत तीन बादल्या मांडल्या. तिसरीची कडी मोडली, तेव्हा सगळे म्हणाले, टाकून द्या. अक्का म्हणाल्या, "असू दे. बिनकडीची म्हणून कोणी स्वयंपाकघरात न्यायचं नाही." आमच्या सगळ्या गोतावळ्यात तिला 'अक्कांची बादली' म्हणतात. गेल्या वर्षी शुभंकरला आम्ही तिथे जेवायला नेलं होतं. हात धुताना त्यानं बादलीबद्दल बरंच विचारलं होतं. मला वाटलं, मुलगा चौकस आहे.

"अरे शुभंकर," मी बैठकीत म्हटलं, "ही अक्कांची बादली. नुसतं त्यांचं नाव घाल, बाकी सगळं तुझंच राहू दे."

"आजी, कन्सेप्ट कोणाचाही असू शकतो. इम्प्लिमेंटेशन माझं आहे."

"आणि मोडलेली कडी?"

"त्यांची मोडली होती, आजी. मी काढली आहे."

सूर्यकांतांनी मध्यस्थी केली. "आजी, ही आठवण भोगवटा प्रमाणपत्राच्या आधीची ना? मग इतिवृत्तात कशी घेणार, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? गोत्तिल्ला. त्या आठवड्यापासून तीन बादल्या ठेवणाऱ्या घरांनी दारावर 'जलसोपान' अशी पाटी लावायची असं ठरलं. मी दोन बादल्या आणि एक पातेलं ठेवते. पातेल्याबाबत नियम मौन बाळगून आहे.

तरी मला राहवेना. अक्का आता सत्याऐंशीच्या. त्यांच्या नावावर घर नाही, शेत नाही, एक बादली आहे. ती त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावावर राहावी एवढंच मला हवं होतं. म्हणून मी सगळी हकिगत लिहून मंडळाच्या व्हॉट्सॅपवर टाकली. वर अक्कांचं नाव, खाली माझं. लगेच टाळ्यांचे हात उमटले. त्यांत शुभंकरचेही होते. (वाचण्याआधी टाळी देण्याचा शोध कोणाचा, याची अजून नोंद नाही.)

लेख पुढे निघाला. शेजारच्या मारतहळ्ळीला पोचेपर्यंत माझं नाव गळलं. नागपूरला अक्कांच्या जागी 'एक आजी' आल्या. पुण्यात बनशंकरीचं सातारा झालं. शेवटी तो आमच्याच मंडळात परत आला तेव्हा त्यातली साताऱ्याची आजी एका जर्मन इंजिनिअरला निरुत्तर करत होती, आणि खाली लिहिलं होतं : 'संकलन : सूर्यकांत'.

समितीनं त्याची गंभीर दखल घेतली. साताऱ्याच्या त्या अज्ञात आजीनं शुभंकरच्या शोधाची परवानगीवाचून नक्कल केल्याबद्दल तिला एक जाहीर ताकीद देण्यात आली आणि पत्ता ठाऊक नसल्यानं ती सगळ्या ग्रुपवर पाठवण्यात आली.

आठवड्यानं अक्कांचा फोन आला.

"अगं, व्हॉट्सॅपवर एक भारी छान आलंय बघ. साताऱ्याची कोणी बाई आहे. अगदी आपल्यासारख्याच तीन बादल्या! हुशार आहे हं."

"अक्का, ती बाई म्हणजे तुम्हीच."

"चल! मी कशाला साताऱ्याला जाऊ? मी तर मैसूरच्या पलीकडे गेले नाही."

"अक्का, मीच लिहिलंय ते. तुमच्यावर."

"तू? छे ग. चांगलं लिहिलंय ते. पण त्या बाईला नोटीस आली म्हणे. दुसऱ्याचं वापरलं म्हणून. म्हणून मी काल आपली तिसरी बादली भंगारवाल्याला देऊन टाकली."

"अक्का!"

"अगं, दुसऱ्याचं आपण कशाला वापरायचं? या वयात चोरीचा आळ नको. सरी, बरं, ठेवते. पाणी आलंय, आता स्वल्प सांडतं."

तर समितीचा हेतू पूर्ण सफल झाला आहे. शोध सुरक्षित आहे, आणि ज्यांनी तो लावला त्यांनीही तो वापरायचं सोडलं आहे. संरक्षण याहून कडेकोट असू शकत नाही.

माझ्याकडून एक शेवटचा प्रयत्न म्हणून हे सगळं इथे पुन्हा लिहिते आहे. अक्कांचं नाव अगदी वर, मथळ्यातच घातलं आहे, म्हणजे ते कापायला जरा कष्ट पडतील. माझं या ओळीच्या लगेच खाली आहे. ते दिसत नसेल, तर हा लेख तुम्हाला कोणी पाठवला ते बघा; आणि पुढे तुम्ही कोणाला पाठवलात, तेही.